हाड जुळतंय, पण सायकलला हात कधी लावू?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका ४४ वर्षांच्या, साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. चार वर्षांपासून नियमित सायकल चालवतात. गेल्या हंगामात २०० आणि ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, त्यांनी वेळेत पूर्ण केली. ऑगस्टच्या शेवटी, पहाटे, यवतेश्वरचा घाट उतरताना वळणावरच्या खडीवरून सायकल घसरली आणि त्या उजव्या खांद्यावर आपटल्या. कॉलरबोन मधोमध मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून किंवा न करता, असे दोन्ही मार्ग समजावून सांगितले. बाईंनी ऑपरेशन नको म्हटलं. आता सात आठवडे उलटलेत. ताज्या एक्स-रेत जोड 'थोडासाच' दिसतोय, पाच आठवड्यांनी पुन्हा पाहू, असं डॉक्टर म्हणाले. हात अजून दिवसभर गळ्यातच आहे. यजमान सायकल विकायची म्हणतात. सासूबाईंच्या मते हाडं ठिसूळ झालीत, गावच्या हाडवैद्याला दाखवायला हवं. ग्रुपमधले मित्र म्हणतात, तेव्हाच प्लेट टाकली असतीस तर एव्हाना रस्त्यावर असतीस. त्यांचे प्रश्न तीन: 'सगळ्यांचं सहा आठवड्यांत जुळतं, माझंच का जुळत नाही? डिसेंबरच्या २०० बीआरएमचं काय करू? आणि मी सायकल सोडणार नाही, हे घरच्यांना कसं पटवू?' सहीच्या खाली पेनाने मागाहून लिहिलेली एक ओळ आहे: 'परवा शाळेचा जिना उतरताना कठडा सोडवेना.'

ताई,

हाडापासून सुरुवात करू, कारण बाकीचे प्रश्न त्याच्या आधारावर उभे आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात 'जुळत नाहीये' असं डॉक्टर म्हणाल्याचं मला कुठेही सापडलं नाही. ते म्हणाले, 'थोडासा जोड दिसतोय.' 'जुळत नाहीये' हे तुमचं वाक्य आहे.

सहा आठवडे हा आकडा आपल्याकडे मोडलेल्या हाडाबरोबर घरी येतो आणि मग घरातला प्रत्येक जण त्यावर दिवस मोजतो. लहान मुलाचं कॉलरबोन तीन-चार आठवड्यांत जुळतं, हे खरं. मोठ्या माणसाचं सहा ते बारा आठवड्यांत, आणि तेही बहुतेकांचं, सगळ्यांचं नव्हे. शिवाय एक्स-रे मागून येतो. सुरुवातीचा जोड मऊ असतो, त्यात कॅल्शियम भरेपर्यंत तो फिल्मवर नीट उमटत नाही. म्हणून डॉक्टर नुसती फिल्म बघत नाहीत. बोटाने दाबून बघतात, हात उचलायला लावतात, मोडलेल्या जागी हालचाल जाणवते का ते पाहतात. पुढच्या वेळी त्यांना हेच विचारा: दाबल्यावर दुखणं कमी झालंय का, टोकं एकत्र हलतायत का? सातव्या आठवड्यात या प्रश्नांची उत्तरं फिल्मपेक्षा जास्त सांगून जातात.

आता मित्रांच्या 'तेव्हाच प्लेट टाकली असतीस तर' बद्दल. हे वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेलं दिसतं, कारण पत्रात ते तीन ठिकाणी आलंय. ब्रिटनमध्ये नेमक्या तुमच्यासारख्या, म्हणजे मधोमध मोडून सरकलेल्या कॉलरबोनच्या ३०१ पेशंटवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. काहींना ऑपरेशन करून प्लेट, काहींना हात गळ्यात अडकवायची नुसती झोळी. तीन महिन्यांनी एक्स-रे काढले तेव्हा दोन्ही गटांत चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त लोकांचं हाड पूर्ण जुळलेलं दिसत नव्हतं. दोन्ही गटांत, ताई. फरक पडला तो पुढे: नऊ महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत न जुळलेले शंभरात एकाहून कमी, आणि ऑपरेशन न केलेल्यांत शंभरात अकरा. प्लेटवाल्यांचा खांदा पहिले तीन महिने जास्त चांगला चालत होता, मात्र नऊ महिन्यांनंतर खांद्याच्या कामात दोन्ही गटांत तसा फरक उरला नाही.

मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीत, हे यातून दिसतं. प्लेटने सुरुवात लवकर होते आणि न जुळण्याचा धोका कमी होतो. पण त्याच्याबरोबर भूल, जखम, जंतुसंसर्गाची शक्यता, टाक्यांच्या खाली छातीवर येणारा बधिरपणा आणि काही जणांना कातडीखाली टोचणारी प्लेट काढायला दुसरं ऑपरेशन, हेही येतं. डॉक्टरांनी दोन्ही मार्ग समोर ठेवले याचा अर्थच असा, की तुमच्या मोडीत दोन्ही मार्ग रास्त होते. त्यातला एक तुम्ही शुद्धीत, सगळं ऐकून निवडलात. ज्या मार्गाने शंभरातल्या एकोणनव्वद जणांचं हाड जुळतं, तो निवडणं म्हणजे घोडचूक नव्हे. आणि समजा तुमचं हाड उरलेल्या अकरांत निघालं, तरी प्लेटचं दार बंद होत नाही. साधारण सहा महिन्यांपर्यंत वाट पाहून, गरज वाटल्यास हाडाचा थोडा कीस भरून, तेव्हाही प्लेट टाकता येते. आज सातव्या आठवड्यात त्याची उजळणी करत बसण्यात काही हशील नाही.

ग्रुपवर कुणीतरी तुम्हाला योनास विंगेगार्ड या व्यावसायिक सायकलपटूची बातमी पाठवली, असं लिहिलंय. ४ एप्रिल २०२४ रोजी स्पेनमधल्या बास्क प्रांताच्या शर्यतीत तो पडला. कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली. २९ जूनला तो टूर द फ्रान्सच्या सुरुवातीच्या रेषेवर होता आणि शर्यत दुसऱ्या क्रमांकाने संपवली. सगळं खरं आहे आणि थक्क करणारं आहे. पण त्या माणसाचं त्या तीन महिन्यांतलं एकमेव काम बरं होणं हेच होतं, आणि त्यासाठी डॉक्टर, फिजिओ, स्वयंपाकी यांची अख्खी फौज पदरी होती. तुम्ही सहामाहीचे पेपर डाव्या हाताने तपासत होता. त्याच्याशी स्वतःला ताडून पाहणं मित्रांच्या उत्साहाला शोभतं, तुमच्या खांद्याला परवडत नाही.

सासूबाईंच्या मुद्द्याकडे येते. हाडं ठिसूळ झाली म्हणून मोडलं का? कॉलरबोन हे हात आणि धड यांना जोडणारं एकुलतं एक हाड. ते इंग्रजी एस अक्षरासारखं वळलेलं असतं, मधल्या भागात सगळ्यात बारीक, आणि तिथे त्याला स्नायूंचं जाड आवरण नाही की भक्कम अस्थिबंधांचा आधार नाही. खांद्यावर आपटलं की सगळा झटका तिथे जमा होतो. म्हणून कॉलरबोनच्या दर दहा मोडींपैकी सात-आठ मधल्याच भागात असतात. घाट उतरताना वेगात डांबरावर पडलं तर पंचविशीतल्या पैलवानाचंही तेच हाड तिथेच मोडू शकतं. या पडण्यावरून तुमच्या हाडांची परीक्षा होत नाही. घरात उभ्या उभ्या पडून मोडलं असतं तर मी वेगळं बोलले असते.

तरीही चाळिशीनंतर ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यायला हरकत नाही. दिवसभर वर्गात असणाऱ्या शिक्षकांमध्ये ते कमी निघणं अजिबात नवलाचं नाही. ते कमी असेल तर डॉक्टर भरून काढायला सांगतील. रोजच्या जेवणात दूध-दही, तीळ, अंडी, मासे, डाळी असू द्या. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा सासूबाई आंबिल किंवा भाकरी करून घालत असतील तर आनंदाने खा. पायाच्या सुपाबद्दल बऱ्याच जणी विचारतात: प्या, आवडत असेल तर. पण हाड त्याने चार दिवस आधी जुळेल, अशी आशा ठेवू नका. हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट ठासून सांगते. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री, तिन्हींनी हाड जुळायला वेळ लागतो. मिश्री 'फक्त दातांना' लावली तरी निकोटीन रक्तातच जातं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हाही हाडाच्या उपचारांचाच भाग आहे.

हाडवैद्य. सासूबाई हे काळजीपोटी बोलतायत आणि त्यांच्या उमेदीच्या काळात गावात दुसरं कुणी नसेलही. पण जुळत आलेल्या हाडाला चोळणं, ओढणं, 'बसवणं' हे करू देऊ नका. कॉलरबोनच्या खालून हाताला जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात, शेजारीच फुफ्फुसाचा वरचा भाग आहे. हाडजोडीचा लेप अखंड कातडीवर हलक्या हाताने लावणार असतील तर मी वाद घालणार नाही. घट्ट पट्टी बांधणार असतील तर घालेन.

आता जी गोष्ट मला पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती. तुमचा हात अजून दिवसभर गळ्यात आहे. डॉक्टरांनी घरात झोळी काढायला सांगून तीन आठवडे झाले, हे तुम्हीच लिहिलंय. 'जितका जास्त बांधून ठेवीन तितकं लवकर जुळेल' हा तुमचा हिशेब. ताई, हा हिशेब उलटा बसतो. सातव्या आठवड्यात झोळीने हाडाला फारसं काही मिळत नाही, आणि खांदा मात्र आखडत जातो. चाळिशीच्या पुढच्या बायकांचा खांदा एकदा आखडला की त्याला सुटायला हाडापेक्षा कितीतरी जास्त महिने लागतात. माझ्याकडे हाड कधीच जुळलेल्या आणि तरी मागे हात नेऊन हूक लावता न येणाऱ्या बायका येतात. शाळेच्या व्हरांड्यात मधल्या सुट्टीत पोरांची झुंड अंगावर येते, तेवढ्या वेळापुरती झोळी घाला, लोकांना कळतं आणि ते जपून जातात. बाकी वेळ काढा.

हात मोकळा झाल्यावर काय करायचं, तेही सांगते. कोपर, मनगट, बोटं यांची हालचाल तर पहिल्या दिवसापासून हवी होती. ती केली नसेल तर आज सुरू करा, कोपर पूर्ण सरळ होतंय का बघा. डावा हात टेबलावर टेकून कमरेत वाका, उजवा हात सैल लोंबू द्या आणि हळूहळू झुलवा, पुढेमागे आणि गोल. मग भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढा. खांद्याच्या उंचीपर्यंत गेलात तरी सुरुवातीला पुष्कळ झालं. त्याच्या वर कधी जायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून किंवा समोरच्या फिजिओकडून ठरवून घ्या, कारण ते दाबल्यावर किती दुखतंय यावर ठरतं. व्यायामानंतरची कळ तासा-दोन तासांत बसली तर ठीक. रात्रभर ठणकत राहिली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. वजन उचलणं, म्हणजे दळणाचा डबा, पाण्याची कळशी, वह्यांचा गठ्ठा, अजून नको. रात्री पाठीमागे दोन उशा लावून अर्धवट टेकून झोपलात आणि उजव्या कोपराखाली घडी केलेली चादर ठेवलीत तर खांदा मागे पडत नाही, झोप लागते. फळ्यावर लिहायला सध्या वर्गातल्या दोन पोरांना उभं करा, तुम्ही सांगा, त्यांनी मांडायचं. गणिताच्या तासाला त्याने नुकसान होईल असं मला वाटत नाही.

कुणाला कधी तातडीने दाखवायचं, हेही इथेच सांगते. हाताला मुंग्या येऊन त्या जात नसतील, बोटं गार किंवा निळसर पडली, श्वास घेताना छातीत कळ किंवा दम लागत असेल, मोडलेल्या जागी हाडाचं टोक कातडीला आतून ताणून ती पांढरी पडली असेल, किंवा ऑपरेशन झालेल्यांची जखम लाल होऊन पाझरत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. हाडाच्या जागी गाठीसारखा उंचवटा राहणं मात्र नेहमीचं आहे. तो काही जणांचा कायम राहतो आणि त्याने काही अडत नाही.

आता सहीखालच्या त्या ओळीबद्दल. तुमच्या दोन पानी पत्रात भीती आहे ती यजमानांची, काळजी सासूबाईंची, घाई मित्रांची. तुमची स्वतःची भीती फक्त त्या एका ओळीत आहे, तीही सही झाल्यावर सुचलेली. मला वाटतं, घरच्यांशी 'मी सोडणार नाही' म्हणून भांडताना तुम्हाला स्वतःची भीती कबूल करायला जागाच उरलेली नाही. 'मलाही भीती वाटते' असं तोंडातून गेलं, तर यजमान म्हणतील, बघ, मी म्हणत नव्हतो! मग ते वाक्य गिळून टाकायचं आणि कठडा घट्ट धरून जिना उतरायचा.

उतारावर पडलेल्या माणसाला उताराची भीती वाटणं यात धीर कमी असल्याचं काही लक्षण नाही. ती साधारण खांद्याबरोबरच ओसरू लागते, पण तिला वेगळा सराव लागतो. सायकलवर न बसता सुरू करा. रोज संध्याकाळी ती बाहेर काढा, पुसा, हँडल धरून अंगणात चार पावलं चालवा. नंतर एक पाय जमिनीवर ठेवून सीटवर बसा. मग घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, डॉक्टर हो म्हणाल्यावर, पाठ सरळ ठेवून आणि उजव्या हातावर भार न टाकता वीस मिनिटं. जिन्यावर मात्र कठडा धरा, खुशाल धरा, आत्ता दुसऱ्यांदा पडायला नकोच आहे. आणि तो आवाज, ते वळण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, झोप मोडत असेल, त्या रस्त्याने गाडीतून जातानाही पोटात गोळा येत असेल, आणि हे इतक्या आठवड्यांनंतरही कमी होत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. अपघातानंतरच्या भीतीवर उपचार आहेत आणि ते बऱ्यापैकी लागू पडतात.

घरच्यांना 'पटवायचं' कसं, हा तुमचा प्रश्न. मला आधी विचारावंसं वाटतं, पटवायचंच का आहे? त्या सकाळी तुमच्या फोनवरून परक्या माणसाचा आवाज यजमानांनी ऐकला. घाटात पोचेपर्यंत तुम्ही कशा असाल, हे त्यांना माहीत नव्हतं. 'सायकल विकू' हे वाक्य त्या अर्ध्या तासातून आलेलं असू शकतं. सायकलबद्दल त्यांचं मत म्हणून तुम्ही ते ऐकता आणि वाद सायकलवर जातो. एकदा फक्त एवढंच विचारा, 'फोन आला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?' आणि ते बोलत असताना आपली बाजू मांडू नका. मग आपल्या जिन्याचंही सांगा. कदाचित ते 'बघ, मी म्हणत नव्हतो' म्हणतीलही. म्हणू द्या.

पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या. परवानगी काढायला नव्हे, तर त्यांचे प्रश्न त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारावेत म्हणून. घरात तुम्ही सांगितलेलं बायकोचं म्हणणं ठरतं, तेच डॉक्टरांच्या टेबलापलीकडून आलं की माहिती ठरते. हे काही बरोबर नाही, पण आहे असं आहे आणि आत्ता ते कामाला येईल. आणि त्यांना नेमकी कशाची भीती आहे ते वेगळं करून घ्या. पहाटेच्या अंधाराची? एकटीने जाण्याची? ओल्या घाटाची? या प्रत्येकावर काहीतरी ठरवता येतं: पावसाळ्यात घाट उतरायचा नाही, उजाडल्यावर निघायचं, फोनवर लोकेशन चालू ठेवायचं, नेहमी दोघी-तिघी मिळून. 'सायकल' या एका शब्दावर मात्र काहीच ठरवता येत नाही.

सासूबाई रोज सकाळी तुमची वेणी घालतात आणि तुम्हाला 'लहान मुलीसारखं, ओशाळं' वाटतं, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी थोडी थांबले तिथे. उजवा हात डोक्यापर्यंत जात नसताना ब्लाउजचं हूक, साडीच्या निऱ्या, केस यांतलं काहीच एकटीने होत नाही. पुढून बटणांचे कुर्ते, ओढून घ्यायच्या सलवारी, केस थोडे कापून घेणं, हे सगळं करता येईल आणि काही बायकांना त्याने फार मोकळं वाटतं. पण मदत घेतल्याने सायकलवरचा तुमचा हक्क कमी होतो, असं तुमच्या मनात कुठेतरी बसलंय का? 'आज यांच्यावर अवलंबून आहे, उद्या यांचं ऐकावं लागेल' असं? हे दोन वेगळे हिशेब आहेत. वेणीबद्दल सासूबाईंना मनापासून 'बरं वाटलं' म्हणा. सायकलचं सायकलच्या जागी बोला.

रस्त्यावर परत केव्हा? तारीख मी देणार नाही, अटी देते. मोडलेल्या जागी दाबल्यावर दुखायला नको. एक्स-रेत जोड टोकापासून टोकापर्यंत दिसायला हवा आणि डॉक्टर हो म्हणायला हवेत. दोन्ही हात डोक्यावर सारखे जायला हवेत. भिंतीला, मग टेबलाच्या कडेला दोन्ही तळहातांनी जोर लावून वाकता यायला हवं, कारण हँडलवर तुमच्या धडाचा बराच भार येतो. खड्ड्यातून बसणारा हादरा आणि जोराचा ब्रेक, दोन्ही दुखल्याशिवाय सहन व्हायला हवेत. तुमच्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असेल तर हे आणखी महत्त्वाचं. खांद्यावरून मागे वळून बघता यायला हवं. हे सगळं बहुतेकांना आठ ते बारा आठवड्यांत जमतं, काहींना त्याहून उशिरा. चालवल्याने हाड पुन्हा मोडायची शक्यता थोडी. ते मोडतं पुन्हा पडल्याने. म्हणून सुरुवातीचे रस्ते सपाट, कोरडे, ओळखीचे. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा किंचित कमी, म्हणजे हादरे कमी बसतील. यवतेश्वर चढायचा असेल तेव्हा चढा, आणि उतरताना सायकल गाडीत टाकून या. चढाच्या वेगात पडणं अवघड असतं, आणि घाटाशी ओळख परत होते. उतार पुढे, स्वतंत्रपणे, कोरड्या दिवशी, वळणाच्या आधीच वेग तोडून आणि नजर खडीवर नव्हे तर वळणातून बाहेर पडायच्या जागेवर ठेवून.

त्याआधी सायकल दाखवून घ्या. पडल्यावर 'काही झालं नाही' असं दिसणाऱ्या सायकलचा मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे तो गिअर ज्यावर बसवलेला असतो तो तुकडा, आत वाकलेला असू शकतो, आणि मग साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर नेली की गिअर चाकाच्या तारांत जाऊ शकतो. हँडल, फोर्क, सीटपोस्ट कार्बनचे असतील तर जाणकार मेकॅनिककडून बारीक भेगा तपासून घ्या. आणि हेल्मेट नवं घ्या. आतला फोम एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो, बाहेरून चरा नसला तरी त्याचं काम त्या सकाळी झालेलं आहे.

राहिली डिसेंबरची बीआरएम. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तुमच्या पायांना ते आजही झेपतील. प्रश्न तेरा तास हँडलवर टेकलेल्या खांद्याचा आहे, पहाटे अंधारात सुटण्याचा आहे आणि तीस-चाळीस सायकलींच्या घोळक्याचा आहे. बाराव्या आठवड्याच्या एक्स-रेआधी फॉर्म भरू नका. भरला की तारीख तुमच्या मानेवर बसते, आणि मग सोळावा आठवडा पुरतो की नाही हे खांद्याऐवजी तीच ठरवू लागते. बीआरएमचा हंगाम नोव्हेंबरपासून पुढच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चालतो. फेब्रुवारी-मार्चमधली २०० केलीत तरी ती याच हंगामात मोजली जाईल. डिसेंबरच्या राइडला आयोजकांना कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, चालकांच्या ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे नोंदीच्या कार्डावर, शिक्के मारायला माणसं लागतातच. त्यांना आत्ताच फोन करून स्वयंसेवक म्हणून नाव द्या, आणि यजमान येत असतील तर त्यांचंही द्या.